पाटी सर्वांत शेवटी

बँकेत एखाद्या संस्थेचे खाते उघडायचे म्हणजे बरेच कागद लागतात. नोंदणीचा दाखला, घटनेची प्रत, खाते कोणाच्या सहीने चालवायचे याचा ठराव, पदाधिकाऱ्यांची यादी आणि पत्ता. यातला पत्त्याचा रकाना सर्वांत निरुपद्रवी वाटतो. पण नोकरीची सारी वर्षे शाखांमधून काढल्यावर मला वाटू लागले, की संस्थेची खरी कुंडली त्या रकान्यातच असते. नव्या संस्थेचा पत्ता बहुधा ‘द्वारा अमुक अमुक’ असा असे. म्हणजे कोणीतरी आपली ओसरी, माडी नाहीतर दुकानामागची खोली तिला दिलेली असे. सतरंजी त्याची, चहा त्याच्या स्वयंपाकघरातला, आणि उद्या काही भानगड झालीच तर पोलिसाने ठोठवायचे दारही त्याचेच. पुढे संस्था मोठी होते, स्वतःची इमारत बांधते. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी लागते आणि तिच्यावर देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरली जातात. त्या यादीत हा ‘द्वारा’ सहसा नसतो. त्याने दिलेल्या गोष्टीची पावती कोणी फाडलेलीच नसते!

आज अशाच एका वास्तूची हकिगत सांगायची आहे. तरुणांच्या एका संघटनेची ही मुख्य जागा. संघटना चालू होती तोवर तिथे पाटी नव्हती, असणे शक्यही नव्हते. पाटी लागली ती संघटना रीतसर विसर्जित झाल्यावर. नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीतली ही वास्तू. संघटनेचे नाव आधी मित्रमेळा आणि नंतर अभिनव भारत.

मी राहतो पुण्यात, वारज्याला. नाशिकच्या या गोष्टीचा धागा मला सापडला तो मात्र आमच्या शेजारी. वारज्याला लागून असलेले कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे. पुण्यात प्लेग असताना, १९०० साली, अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी काढलेला आपला आश्रम शहरातून हलवून हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आणला. जागा दिली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत आणि चिखलातून पायी ये-जा करत. ती झोपडी महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात आजही जपलेली आहे. भोवती शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे उभी राहिली. पण पाहुण्याला आधी दाखवतात ती झोपडीच. तिच्यासमोर उभे राहिले की एक गोष्ट मनात येते. प्लेगच्या त्या वर्षांत माणसे माणसांना दारे लावून घेत होती. अशा दिवसांत ज्यांनी दार उघडले, त्यांच्या उंबऱ्याशी मोठ्या संस्था जन्माला आल्या.

नाशकातही नेमके तेच घडले, आणि तेही त्याच सुमारास.

प्लेग मुंबईत आला १८९६ साली, आणि पाठोपाठ पुण्यात. साथ आवरण्यासाठी सरकारने जी सक्ती केली तिने लोक खवळले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. १८९८ आणि १८९९ मध्ये तिघे भाऊ फासावर गेले. नाशिकजवळच्या भगूर गावी त्या बातम्या वाचणारा एक मुलगा होता, विनायक दामोदर सावरकर. १८९९ साली प्लेग भगुरात शिरला आणि त्याचे वडील दामोदरपंत दगावले. थोरला भाऊ गणेश, म्हणजे बाबाराव, आणि धाकटा नारायण यांनाही रोगाने गाठले. सुदैवाने ते वाचले. प्लेग झालेल्या घरातल्या माणसांना त्या काळी जवळ कोण करणार? नाशकातल्या रामभाऊ दातारांनी केले. त्यांनी या पोरक्या कुटुंबाला आपल्या घरी आणले. या वास्तूच्या इतिहासातले पहिले उघडलेले दार हे दातारांचे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात म्हसकर, पागे आणि विनायक या तिघांनी मिळून एक गुप्त मंडळ स्थापन केले. नाव राष्ट्रभक्त समूह. संस्था नोंदणीचा कायदा १८६० सालचा; त्यात संस्थेला किमान सात माणसे लागतात. इथे तीनच होती, आणि तिसऱ्याचे वय अवघे सोळा! पण ज्या संस्थेचा हेतूच राज्य उलथवणे हा आहे, ती नोंदणी करायला जाणार तरी कुठे? समूहाला उघडपणे वावरण्यासाठी एक दर्शनी रूप हवे होते. ते १ जानेवारी १९०० रोजी सिद्ध झाले. तोच मित्रमेळा.

नावात गंमत आहे. सभा नाही, समाज नाही, मंडळ नाही, मेळा. गणेशोत्सवात गाणी म्हणत फिरणारे मेळे तेव्हा गावोगाव होते. पोलिसाने विचारले तर मेळा, आईने विचारले तर मित्र. या मेळ्याचे बसण्याचे ठिकाण म्हणजे तिळभांडेश्वर गल्लीतला वर्तकांचा वाडा. तिथे आबा दरेकर राहत. गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे पुढचे ‘स्वातंत्र्यकवी गोविंद’. पायांनी अधू, शिक्षण बेताचे, कविता मात्र जात्याच अंगात. आधी ते शृंगारिक रचना करत. मेळ्यातल्या पोरांच्या संगतीने त्यांची लेखणी वळली आणि पोवाडे लिहू लागली. चालता न येणारा माणूस घर सोडून कुठे जाणार? तो नेहमी घरी भेटतो. संघटनेला अशा माणसाचा फार आधार असतो. सगळे येतात-जातात, पण दिवा कोणी तरी तेवता ठेवावा लागतो. मित्रमेळ्याची कचेरी कुठे, या प्रश्नाचे खरे उत्तर ‘वर्तकांचा वाडा’ एवढेच नव्हे. ‘आबा जिथे बसतात तिथे’ हेही आहे.

तिथे चालायचे काय? आठवड्याची बैठक. इतिहास, चरित्रे, परदेशांतल्या क्रांत्या यांवर कोणीतरी बोलायचे, इतरांनी वाद घालायचा. शिवजयंती, गणेशोत्सव. प्लेग होताच, त्या दिवसांत कोणी हात न लावलेली प्रेते या मुलांनी खांद्यावर वाहिली. वाचन, वक्तृत्व, व्यायाम आणि सेवा ही चौकडी आपल्याकडच्या पुढच्या बहुतेक युवक संघटनांत दिसते. मित्रमेळ्यात मात्र पाचवी गोष्ट होती, शपथ. आणि ती शपथ सशस्त्र क्रांतीची होती. हे बाजूला ठेवून या जागेची गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

जगभर तरुणांच्या संघटना अशाच उसन्या खोल्यांतून निघालेल्या आहेत. वायएमसीए ही आज देशोदेशी मोठमोठ्या इमारती असलेली संस्था. तिची सुरुवात ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये झाली, कापडाच्या पेढीत काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्सच्या पुढाकाराने. पेढीतली पोरे कामाच्या जागेवरच राहत, आणि दुकानाच्या वरची एक खोली एवढेच त्यांचे सभागृह होते. मॅझिनीची ‘तरुण इटली’ १८३१ साली मार्सेयमध्ये उभी राहिली तेव्हा तर तो परागंदा होता, स्वतःच्या देशात पाय ठेवायला त्याला जागा नव्हती. हाच मॅझिनी सावरकरांचा आदर्श. १९०४ साली नाशकात सुमारे दोनशे सभासद जमले, आणि मित्रमेळ्याचे नाव बदलून अभिनव भारत झाले, ते मॅझिनीच्या संघटनेच्या धर्तीवर.

याच्या अगदी उलट उदाहरण पुण्यात आहे. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. फर्ग्युसनमागच्या टेकडीवर कोनशिला बसवली आणि त्याच दिवशी पहिल्या सेवकांनी प्रतिज्ञा घेतली. म्हणजे पाटी, पाया आणि शपथ एकाच दिवशी! जे काम उजेडात करायचे त्याला पत्ता हवा, हिशेब हवा, अहवाल हवा. गोखल्यांचा मार्ग तो. नाशिकच्या मुलांनी निवडलेल्या मार्गाला यातले काहीच परवडणारे नव्हते. दोन्ही ठिकाणच्या तरुणांना देशासाठी आयुष्य द्यायचे होते. पण मार्ग वेगळा म्हणून घरही वेगळे झाले. टेकडीवरच्या संस्थेचे कागद दप्तरात नीट राहिले. गल्लीतल्या संस्थेची आज आपल्याला जी नावे ठाऊक आहेत, त्यांतली बरीचशी आली आहेत ती खटल्याच्या कागदांतून आणि नंतर लिहिलेल्या आठवणींतून. सभासदांची यादी शेवटी सरकारी वकिलाने तयार केली, असेच म्हणायचे.

१९०६ साली विनायकराव बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले आणि तिथे दुसरे एक घर या गोष्टीत शिरले. श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागात क्रॉमवेल अॅव्हेन्यूवरचे ६५ क्रमांकाचे घर घेऊन हिंदी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले होते. १ जुलै १९०५ रोजी ते सुरू झाले होते. हेच इंडिया हाउस. नाशिकच्या वाड्यात जे चाले तेच इथे चालू लागले, फक्त श्रोते सगळ्या प्रांतांतले होते. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला गोळी घातली आणि त्या घराचे दिवस भरले.

इकडे नाशिकच्या घराचे बिल आधीच आले होते. बाबाराव सावरकरांनी कवी गोविंदांच्या कविता छापल्या, म्हणून त्यांना फेब्रुवारी १९०९ मध्ये पकडले आणि ८ जून १९०९ रोजी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिवाय मालमत्ता जप्त. एका पुस्तिकेपायी आयुष्य सरकारजमा! त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सनवर अनंत लक्ष्मण कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. कान्हेरे जेमतेम अठराच्या घरातला. ज्याला मारले तो जॅक्सन संस्कृतचा जाणकार, इथल्या इतिहासावर लिहिणारा. त्याची बदली झाली होती आणि तो प्रयोग निरोपाचा होता. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी दिले. मग नाशिक कटाचा खटला उभा राहिला. लंडनहून पकडून आणलेल्या विनायकरावांना २४ डिसेंबर १९१० रोजी एक आणि पुढच्या महिन्यात दुसरी अशा दोन जन्मठेपा झाल्या. तरुणांनी गजबजलेली ती बैठक उठली ती कायमची.

वाडे, खोल्या, खटले यांच्या या हिशेबात एक नाव नेहमी तळटीपेत जाते. बाबारावांच्या पत्नी यशोदाबाई, घरच्यांच्या येसूवहिनी. भगुरातल्या प्लेगमध्ये सासऱ्यांचे मरण त्यांनी पाहिले, नाशकात दुसऱ्याच्या घरी संसार मांडला, आणि दीर व त्याचे दोस्त वेळी-अवेळी येत तेव्हा त्यांच्यापुढे ताटे ठेवली. एवढेच नव्हे, त्यांनी बायकांना जमवून ‘आत्मनिष्ठ युवती संघ’ काढला. स्वदेशीचे व्रत घेणाऱ्या त्या बायका कुणाच्या तरी स्वयंपाकघरात किंवा माजघरात जमत असणार. त्यांच्या जागेला आजवर कोणी मुख्यालय म्हटलेले नाही. नवरा अंदमानात, दीर अंदमानात, घरावर जप्ती, आणि राजद्रोह्याची बायको म्हणून लोक सावलीलाही उभे करायला कचरत होते, असे ते दिवस. भेटीची परवानगी मिळावी म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. १९१९ साली त्या वारल्या; पतीची भेट झाली नाही ती नाहीच. बाबाराव सुटले १९२२ साली. तेव्हा त्यांना परतायला घर असे उरले नव्हते.

कवी गोविंद १९२६ साली गेले. बाबाराव १९४५ साली सांगलीला गेले. १९४७ उजाडले. गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात विनायकरावांवर आरोप ठेवला गेला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्यांची निर्दोष मुक्तता झाली. त्यांच्याविषयी लोकांची मते तेव्हाही टोकाची होती आणि आजही आहेत. या मतांचा निवाडा मी इथे करणार नाही. या वास्तूच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांनी १९५२ साली केलेले एक काम.

त्या वर्षी १० ते १२ मे असे तीन दिवस पुण्यात समारंभ झाला, अभिनव भारतच्या सांगतेचा. संघटना बंद करण्याचा समारंभ! आपल्याकडे संस्था निघतात, फुटतात, भावकीत भांडतात, धर्मादाय आयुक्तांकडे खेटे घालतात. काम संपले म्हणून चारचौघांत कुलूप लावणारी संस्था दुर्मीळ. स्वराज्यात गुप्त सशस्त्र संघटनेला जागा नाही, आता मार्ग कायद्याचा, ही त्यामागची भूमिका. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते सुस्थितीत बंद केले. आणि त्यानंतर, १९५३ च्या मे महिन्यात, नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीतल्या त्या जागी ‘अभिनव भारत मंदिर’ या नावाने स्मारक झाले. त्रेपन्न वर्षे उशिरा पाटी लागली. ज्यांनी तिथे शपथा घेतल्या त्यांतले कितीतरी ती वाचायला उरले नव्हते.

आता या तिन्ही घरांकडे एकत्र पाहा. हायगेटच्या घराच्या भिंतीवर लंडनच्या नगरसंस्थेने सावरकरांच्या नावाची निळी गोल फलकी लावली. ज्या राजधानीविरुद्ध कट शिजला तिनेच आपल्या भिंतीवर त्याची नोंद करून ठेवली. घर मात्र घरच राहिले. श्यामजी कृष्णवर्मांच्या गावी, कच्छमधल्या मांडवीला, त्या घराची हुबेहूब प्रतिकृती बांधली. २०१० साली तिचे उद्घाटन झाले. समुद्रापलीकडचे घर इथे दुसऱ्यांदा उभे राहिले. नाशिकच्या जागेला ना परक्यांची नोंद मिळाली, ना प्रतिकृतीचा थाट. तिच्याजवळ आहे ती मूळ गल्ली. ही मिळकत फार मोलाची असते, आणि फार नाजूक.

गावठाणातल्या वाड्यांचे काय होते हे मी कर्जखात्यात बसून पाहिले आहे. मालमत्ता पत्रकावर एक नाव, वारस तेवीस. तळमजल्यावर भाडेकरू, भाडे पिढ्यान् पिढ्या तेच, कारण १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आणि त्यानंतर १९९९ चा. त्या भाड्यात एका पावसाळ्याची कौलेदेखील शाकारून होत नाहीत. सागवानी तुळया टिकतात, पण त्यांची टोके ज्या मातीच्या भिंतीत शिरलेली असतात तिथे ओल धरते, आणि एका श्रावणात भिंत बसते. मग विकासक येतो. यात कोणी दुष्ट नसतो. प्रत्येकाची अडचण खरी असते, आणि सगळ्यांच्या खऱ्या अडचणींची बेरीज म्हणजे पाडलेला वाडा. त्यातल्या कोणत्या खोलीत कोण बसत असे, हे सांगणारे माणूस त्याआधीच गेलेले असते. म्हणून जी स्मारके झाली आहेत त्यांच्यासाठी रंगरंगोटीपेक्षा अधिक निकडीचे काम वेगळे आहे. तिथे कोण राहत होते, कोणाच्या नावावर घर होते, कोणी रांधले, कोणाच्या घरावर जप्ती आली, हे लिहून भिंतीवर लावणे. नेत्याचा पुतळा पुढाऱ्यांना लागतो. शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना मात्र ‘इथे एक पायांनी अधू कवी बसायचा आणि सगळे त्याच्याकडे यायचे’ हे वाक्य जास्त काळ लक्षात राहील. त्याच भिंतीवर जॅक्सनचेही नाव असावे, आणि कान्हेरेच्या वयाचा आकडाही. खोलीत बोललेल्या शब्दांची किंमत बाहेर कोणकोण मोजतो, हे मुलांना कळायला हवे.

आणि आपल्या आजच्या घरांचे काय? वारजे महापालिकेत आले ते १९९७ साली. माझ्या डोळ्यांदेखत शेते गेली आणि इमारती आल्या. एकेका संकुलात जुन्या खेड्याएवढी वस्ती. वाहनतळ आहे, बाग आहे, ज्येष्ठ नागरिकांसाठी बाके आहेत, क्लबहाउस तासाच्या भाड्याने आहे. सोळा-सतराची आठ-दहा मुले मिळून वाचायला, वाद घालायला, काही ठरवायला बसणार असतील तर त्यांना जागा नाही. ती जिन्यात बसली की खालच्या मजल्यावरून तक्रार येते. पुलाखाली बसली की पोलीस हटकतात. मग ती आपापल्या खोलीत, आपापल्या फोनमध्ये बसतात. तिथे त्यांना कोणता मेळा भेटतो आणि ती कसल्या शपथा घेतात, हे आपल्याला ठाऊक नसते.

गुप्तता, पिस्तुले आणि फासांचा तो काळ पुन्हा यावा असे कोणी म्हणणार नाही. ज्याने अभिनव भारत काढली त्यानेच तो काळ संपल्याचे जाहीर केले. पण तरुणांना एकत्र बसायला घर लागते, ही गरज त्या काळाबरोबर संपलेली नाही. उजेडात बसायला जागा दिली तर त्यांतून एखादा भारत सेवक समाज निघेल, एखादे वाचनालय निघेल, निदान एखादे नाटक तरी बसेल. त्यासाठी इमारत निधी नको. आमच्या संकुलाच्या सर्वसाधारण सभेत मी यंदा एवढाच ठराव मांडला आहे: क्लबहाउस रविवारी सकाळी दोन तास मुलांना विनाशुल्क द्यावे, आणि आत मोठ्यांपैकी कोणी बसू नये. चहा आमच्या घरून जाईल. ठरावाला अनुमोदक मिळाला आहे; मतदान पुढच्या महिन्यात आहे.